बाहेरून गार

तेरा मीटर उंच डबा आहे हा,
आत नुसती वाळू.
तीही धड वाळू नाही. चुलींचा दगड कापताना
कारखान्यात उरलेला भुगा,
कुणालाच नको होता, आम्ही ट्रक भरभरून आणला.

शरदात वारा उधळतो तेव्हा
वीज मातीमोल मिळते इथे, कधी तर फुकट.
तिची उष्णता करून या भुग्यात पुरून ठेवायची
आणि जानेवारीत उकरायची.
खार करते तसंच.
फक्त खार विसरते, मी नोंदवही ठेवते.

ताउनो हिर्वेला रोज सकाळी नऊला येतो.
एकतीस वर्षं त्याने दलदलीतली काळी माती कापली,
वाळवली, भट्टीकडे धाडली.
अख्ख्या फिनिश हिवाळ्यात गाव तिच्यावर शेकायचं.
मग परवाना संपला, यंत्रं विकली,
दलदलीत पुन्हा पाणी सोडलं.
क्रौंच परत आलेत म्हणतात.
ताउनो बघायला गेलेला नाही.

तो हातमोजा काढतो, डब्याला तळवा लावतो,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"गार आहे."
"असायलाच हवा," मी म्हणते.
"भट्टीजवळ पापण्या भाजायच्या."
"हो."
"धूर बघून कळायचं, कोण जागं आहे ते."
यावर माझ्याकडे उत्तर नसतं.
मी कॉफी देते. तो बशीत ओतून पितो,
साखरेचा खडा दातात धरून.

त्या आठवड्यात वारा पडला.
उणे तेहतीस. रात्री झाडं बंदुकीसारखी तडकायची.
टेकडीवरच्या पवनचक्क्या
उत्तर येत नसताना हात वर केलेल्या पोरांसारख्या उभ्या.
विजेचा भाव डोळे फिरवणारा.
मी पडद्यावर आकडा बघत होते:
पाचशे दहा. चारशे ऐंशी. चारशे बेचाळीस.
नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला शाळा, पोहण्याचा तलाव,
आणि नदीकाठचा वृद्धाश्रम,
जिथे आउने, ताउनोची बायको,
दोन वर्षांपासून एकेक नाव विसरत चालली आहे.

एकशेवीसच्या खाली गेलं की तेलाचा बंब पेटवायचा.
आहे अजून एक,
मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, लाजेकाजेने ठेवलेला.

सातव्या रात्री अडीचला दार वाजलं.
ताउनो. झोप येत नव्हती म्हणे.
मी त्याला शिडीने वर नेलं, नियमात बसत नाही ते.
छपरावर गुडघाभर बर्फ,
एक कण वितळलेला नाही.
"आत किती म्हणालीस?"
"दोनशे एकोणऐंशी."
"आणि वर हे भुसभुशीत."
तो बराच वेळ उभा राहिला.
भट्टीचं छप्पर भर थंडीतही काळं, ओलं असायचं,
म्हणाला, आम्हाला अभिमान होता त्याचा.
मग, मफलरच्या आतून:
"म्हणजे तीस वर्षं आम्ही आभाळच तापवत होतो."

उतरताना न विचारता सांगितलं त्याने,
लग्नाच्या पहिल्या वर्षी आउने चिडून म्हणाली होती,
तुझ्याशी संसार म्हणजे भिंतीशी संसार.
मग एका हिवाळ्यात काहीतरी झालं.
काय, ते तो बोलला नाही.
त्यानंतर ती तसं कधी म्हणाली नाही.

नवव्या दिवशी पहाटे, एकशे एकतीसवर,
एक पातं हललं. मग दुसरं.
ताडपत्री काढावी लागली नाही.
पुढच्या वर्षी लागेलही, मी वहीत लिहून ठेवलंय.

परिचारिका सांगत होती,
आउनेने त्या नऊ दिवसांत एकदाही शाल मागितली नाही.
अनवाणी उभी असायची खिडकीत,
खालच्या नळीवर तळवा ठेवून,
कुणाचंतरी नाव जिभेवर घोळवत.

आज ताउनो नऊला आला.
हातमोजा काढला, तळवा लावला.
"गार आहे," म्हणाला, अगदी त्याच आवाजात.
मी कॉफी ओतली.
बशी आधीच काढून ठेवली होती.