अकराशे कमी

अबू शगाऱ्यातल्या टायपिंग सेंटरात शिहाबने
हेरंबचं पगारपत्र उजेडाकडे धरलं,
नोट खरी की खोटी बघावी तसं,
आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला.
अकराशे दिरहम कमी.

वर त्याने समजावलं, आपुलकीने, हिंदीत :
मां-बाप साथ में. एकाला आणून चालत नाही.
आम्ही हसलो. एकालाच आणायचं
कुणाच्या मनात तरी येईल का?
आलं होतं. माझ्याच. एका रात्री,
हिशोब बसेना तेव्हा, फक्त हिशोबापुरतं.

दोन बेडरूम लागतात. आहेत.
दुसरीत बिजू राहतो, फार्मसीतला,
महिन्याच्या एक तारखेला न मागता भाडं ठेवतो फ्रिजवर.
तो गेला तर घर परवडत नाही.
तो राहिला तर आई-बाबा मावत नाहीत.
तरी त्याच्या खोलीत मी आईसाठी कपाट घेऊन ठेवलंय,
प्लास्टिक न काढता. त्यात तो इस्त्रीचे शर्ट लावतो,
एक खण रिकामा सोडून.

सासूबाई देवरुखला एकट्या.
त्या म्हणाल्या, आधी तुझ्या आई-बाबांना आण गं,
मी काय, धडधाकट आहे.
त्या धडधाकट बाईने मागच्या महिन्यात
गॅस रात्रभर उघडा ठेवला होता.
शेजारच्या नलूताईंनी मला कळवलं.
हेरंबला मी अजून सांगितलेलं नाही.
आधी व्हिसा होऊ दे, म्हणते. कुणाचा, ते म्हणत नाही.

साहेबांनी मार्ग काढला.
कागदावर पगार वाढवून देतो, म्हणाले,
चार तारखेला अकराशे रोख परत आणून द्यायचे,
पाकिटात, नाव न घालता.
हेरंब त्या दिवशी जेवला नाही.
नंतर दहा वाजता उठून दहीभात खाल्ला, उभ्यानेच.

मग उरलं प्रतिज्ञापत्र.
तिकडे यांना सांभाळणारं दुसरं कोणी नाही,
असं शपथेवर लिहून हवं, शिक्क्यासकट.

धनेशला फोन केला.
माझा भाऊ. पालशेतला हार्डवेअरचं दुकान,
दर मंगळवारी दुकान बंद ठेवून
बाबांना चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारा,
आईच्या गुडघ्याला तेल चोळताना
हाताला वास राहतो म्हणून कुरकुरणारा.
मी वाक्य वाचून दाखवलं.
तिकडून खिळे मोजल्याचा आवाज येत राहिला.
दुसरं कोणी नाही, बरं, म्हणाला,
स्टॅम्प पेपर शंभरचा की पाचशेचा?

तोच गुहागरला गेला. तोच रांगेत उभा राहिला.
वकिलाला चहा त्यानेच पाजला,
टायपिस्टने आईच्या नावातला काना खाल्ला होता
तो त्याच्याच लक्षात आला.
आणि कोणी नाही, असं लिहिलेला कागद
त्यानेच पावसात शर्टाखाली धरून घरी आणला.

बाबांनी चष्मा लावून सगळा वाचला.
तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस.
आखातातून आलेल्या मनीऑर्डरी
त्यांनी गावभर वाटल्या,
बायकांचे अंगठे घेतले, पत्रं वाचून दाखवली,
वाईट बातमी असली तर आधी पाणी मागून घेतलं.
मला वाटलं, आता धनेशकडे बघतील.
मोबाईल त्यानेच तर धरला होता त्यांच्यासमोर.

त्यांनी पाणी मागितलं.
प्यायले. भांडं खाली ठेवलं.
मग म्हणाले, हे साध्या टपालाने नको.
रजिस्टर कर. आणि पावती
याच्याजवळ राहू दे.