रकाना अकरा

ग्रिम्सबी. मासळीच्या गोदामातून थेट आलेली
नोरीन टास्कर
वॉशिंग मशीन हप्त्यांवर मागते आहे.
हातमोजे काढले तरी बोटांना हॅडॉकचा वास,
म्हणून हात टेबलाखाली.

काचेमागचा पोरगा विचारतो,
कोर्टाचा निकाल वगैरे कधी?
हो, सोफ्याचा.
सोफा डेरेकने नेला,
निकाल तेवढा माझ्याकडे राहिला.

पै न् पै फेडली. ही पावती.
पर्समधून निघते चार घड्यांची,
घडीवरची शाई उडालेली,
'पूर्ण चुकते'मधलं
'पूर्ण' तेवढं लागतं अजून.

पोरगा स्क्रीनकडे बघतो.
स्क्रीनला घड्या पडत नाहीत.
तिथे ती आणखी चौदा महिने
देणेकरीणच.

बरं, म्हणते ती, चौदा.
बोटांवर मोजू लागते, ऑक्टोबर, नोव्हेंबर,
आणि वास आठवून मूठ मिटते.

मग फॉर्म परत ओढून घेते.
अकराव्या रकान्यात, 'हो'च्या पुढे,
जागा नाही तिथे,
मुंगीएवढ्या अक्षरात लिहिते: फेडलंय.

त्याची नोंद कुठे करायची
पोरग्याला माहीत नाही.

बाहेर गोदीकडून वारा.
आज बुधवार,
कोपऱ्यावरच्या लाँड्रीत सहानंतर अर्धे पैसे.
ती पिशवी घेऊनच आली होती.