तोंडात टाचण्या धरून

हर्षाली बोरस्ते म्हणाली, काकू, सोप्पं आहे,
ओठ 'ऊ'चे करा आणि आतून 'ई' म्हणा.
मी म्हटलं, बाई, बत्तीस वर्षं तेच तर करतेय,
तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोलतेय.
ग्ल्यूक.
पहिल्याच फटक्यात आलं.
ग्ल्यूक म्हणजे नशीब, आणि सुखसुद्धा.
त्यांच्याकडे दोन्ही एकाच ताग्यातून कापतात.

हर्षाली जाणार तिकडे, नर्स म्हणून.
कॉलेज रोडच्या क्लासहून येताना
पवननगरला माझ्या दुकानाशी स्कुटी लावते.
फी ठरली: दोन कुर्ते, एक गळा उसवून मोठा.
त्या बदल्यात मला एक वाक्य,
विहिणीच्या साठीचं.

गेबुर्ट्सटाग.
खडूनं लिहिला तर बाहीच्या कागदात मावेना.
तिनं कात्रीच्या टोकानं दाखवलं,
गेबुर्ट म्हणजे जन्म, टाग म्हणजे दिवस.
आणि मधला 'स'?
तो काही नाही काकू, नुसता जोडायला.
म्हणजे टाका, मी म्हटलं.
आपल्या जन्मदिवसालाही असेल की,
आतल्या बाजूनं घातलेला.

तो, ती, ते त्यांनाही आहे.
केक तो, मेणबत्ती ती. जुळलं.
मूल ते. जुळलं.
मुलगीही ते!
आधी हसले. मग सिन्नरची आत्या आठवली,
माझं लग्न ठरलं तरी ओट्यावरून ओरडायची,
कुठं उंडारतंय गं ते पोर?

विहिणीला मात्र शब्द सापडेना.
हर्षालीनं फोनमध्ये बराच वेळ खाली-वर केलं.
सुनेची आई, असंच म्हणतात म्हणे.
मग मानपान कुणाचा,
आणि लग्नात रुसायचं तरी कुणी?

हाइडरून तिचं नाव. गाव उल्म.
आवाज ऐकलेला नाही, माप माहीत आहे.
निनादनं पाठवलं होतं: छाती बेचाळीस, पाठ पंधरा,
उजवा खांदा पाऊण इंच खाली.
असा खांदा मी ओळखते.
बरीच वर्षं कुणाला तरी उठवून बसवलं
की तो असा उतरतो.
येवल्याचा काठ लावून जाकीट शिवलं,
त्या खांद्याला आतून पट्टी दिली, कळणार नाही अशी.

पार्सल नऊ दिवस आधी पोचलं.
तिनं फोडलं नाही, कपाटावर ठेवलं.
दिवस उगवायच्या आधी काही द्यायचं नाही,
शुभेच्छा तर मुळीच नाही, अपशकुन होतो.
हे ऐकून मला ती बाई एकदम आपल्यातली वाटली.

जानेवारी. पेपरात होतं,
निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्यात.
रात्री बाराला मी फोन उचलला आणि ठेवला.
माझ्याकडे तारीख बदलली होती,
तिच्याकडे अजून कालच चालू होता.
साडेचार तास.
शाल घेऊन मशीनपाशी बसले,
कुणाच्या तरी साडीला फॉल लावत
टाक्यागणिक एक शब्द म्हणत गेले.
हेर्त्स म्हणजे काळीज. ते वाक्यात सगळ्यात आधी येतं.
पहाटे कॉर्पोरेशनचं पाणी आलं, बादली लावली.

चार वाजून एकतीस मिनिटांनी तिनं फोन घेतला.
मागे माणसं, ग्लासांचा आवाज.
इष बिन मंदाकिनी, म्हटलं.
हेर्त्सलिशन ग्ल्यूकवुन्श त्सुम गेबुर्ट्सटाग.
एका दमात, न उसवता.
पलीकडे सगळे गप्प झाले.

शेवटचे दोन शब्द राहिले होते, आलेस गूटे.
सगळं चांगलं होवो, असा अर्थ.
पण मला पहिल्या दिवसापासून त्यात
आपलंच ऐकू येत होतं,
आलास नाही, आलीस नाही,
ताज्या बाळाला म्हणावं तसं.

साठ वर्षांच्या, उतरत्या खांद्याच्या
त्या बाईला मी म्हटलं,
आलेस.

गूटे म्हणायचं राहूनच गेलं.