चढावर एसी

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत
टायरवाल्याच्या मागे आमचं शटर.
एक ते चार बंद, पण मी आतच असतो,
पुठ्ठ्यावर पाठ टेकून.
तेव्हाच आली झुवैना बिन्त सालिम,
बाराशे सीसीची पांढरी गाडी, चार गिअरची ऑटोमॅटिक.
म्हणाली, टर्बो बसवून दे.

मी हसलो. असलं मागतात मिसरूड फुटलेली पोरं,
ज्यांना सिग्नलवर आवाज काढायचा असतो.
ही पन्नाशीची, डायलिसिस वॉर्डातली नर्स.
घर आमिरातला, ड्यूटी बौशरला, मध्ये डोंगर.
म्हणाली, तिसऱ्या वळणाशी
गाडी दुसऱ्या गिअरवर येते, किंचाळते,
मागचा दिवे मारतो,
आणि मला एसी बंद करावा लागतो.
जूनमध्ये. सात वर्षं.

विकून टाका, मी म्हटलं, मोठी घ्या.
तिने पर्समधून बँकेचा कागद काढला.
शेवटचा हप्ता मागच्या गुरुवारी.
आत्ता कुठे माझी झाली,
आणि तू विक म्हणतोस.

मग मी तिला ते सांगितलं जे पोरांना सांगत नाही.
इंजिनाला फुगवता येतं.
मागून वाया जातो त्या धुरालाच जुंपायचं,
त्याच्याकडून चक्र फिरवून ताजी हवा कोंबायची,
इंजिन खूश. इंजिन मूर्खच असतं.
सोसतो तो गिअरबॉक्स.
आत दोन पंखे समोरासमोर, मध्ये नुसतं तेल,
एक फिरला की दुसरा फिरतो,
एकमेकांना हात लागत नाही.
जोर वाढला की तेल तापतं,
लाल असतं ते तपकिरी होतं, मग काळं,
आणि एके दिवशी गाडी तिसरा गिअर विसरते.

ती ऐकत होती, पेशंटचा रिपोर्ट ऐकावा तशी.
मग तेल बाहेर काढ, म्हणाली,
गाळ, गार कर, परत आत सोड.
आम्ही रक्ताचं तेच करतो.

रुहुलने भंगारातून टर्बो शोधून आणला,
कुठल्याशा जपानी डबडीचा, अर्ध्या नारळाएवढा.
पाती मी नखाने फिरवून पाहिली. डुगडुग नाही.
दाब पाच पौंड, वर एक गुंज नाही.
जाळीमागे तेलाचा वेगळा कूलर, वेगळा फिल्टर,
नळ्या नव्या, क्लिपा दोन दोन.
मुलकियाच्या तपासणीला काय सांगू, तिने विचारलं.
मी छताकडे पाहिलं.

बिस्मिल्ला म्हणून निघालो. ती चालवत,
मी बाजूला, मांडीवर मीटर.
रात्री साडेनऊ, बाहेर एकेचाळीस.
पहिलं वळण. दुसरं.
बारीक शीळ, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी.
तिसऱ्याला तिचं बोट
सवयीने एसीच्या बटणाकडे गेलं
आणि हवेतच थांबलं.
मी मीटरवरून नजर काढली नाही.
माथ्यावर पोचल्यावर, खाली सगळे दिवे पसरलेले असताना,
ती एवढंच म्हणाली,
थंडी वाजते.

खोलीवर येऊन फोन लावला,
खैरुन्निसाला सगळं समजावलं,
पाच पौंड, पंखे, तेल.
म्हणजे बाईला वारा लागला ना, ती म्हणाली,
मग झालं.
आपल्या माजघरातल्या पंख्याचा कंडेन्सर गेलाय,
तो कोण बघणार?

दर चार महिन्यांनी गाडी येते.
मी डिपस्टिक ओढतो,
पांढऱ्या चिंधीवर थेंब टिपतो, उन्हात धरतो,
नाकाशी नेतो.
काय? ती विचारते.
लाल. कडेला थोडं तपकिरी.
किती वर्षं?
रिटायर कधी होताय?
सहा.
मी चिंधी पुन्हा उन्हात धरतो.