नावे

गावात साठ घरं, धान्याचा एक उंच कोठा, एक चर्च,
आणि मी, लव्होन ट्वेट, पोस्टमास्तर.
सकाळी आठ ते बारा.
पूर्वी पाचपर्यंत असायचे.

मार्चमध्ये बिस्मार्कहून एक तरुण आला,
काखेत टॅब्लेट, बुटांना चिकटलेला बर्फ.
काल विक्री किती झाली, मॅडम?
अकरा डॉलर चाळीस सेंट, मी म्हटलं,
त्यातले सात पाद्रीबाईंचे, ईस्टर आलाय ना जवळ.
त्यानं मान हलवली.
नातेवाइकांशी बोलण्याआधी
डॉक्टर हलवतात, तशी.

मग ऑरिनचा हिशेब काढला.
ऑरिन श्माल्ट्झ रोज एकशे बारा मैल गाडी हाकतो
एकसष्ट पेट्यांसाठी.
शेवटची पेटी आर्विद हाउगेनची,
तिच्यापुढे रस्ताच नाही, नुसतं गवत.
जानेवारीत आर्विदचं इन्सुलिन गोठू नये म्हणून
ऑरिन ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो.
त्या उबेचं भाडं
कुठल्या रकान्यात घालायचं, बाळ?
तो म्हणाला, तसा रकाना नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला माहीत आहे.
पण अंथरूण वॉशिंग्टनमध्ये कापतात,
आणि पाय इथे, उणे तीसमध्ये, उघडे.

कर्जाची गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
तो तेव्हा शाळेत असेल.
कायदा झाला होता: जे अजून निवृत्त झाले नाहीत
त्यांच्या म्हातारपणाच्या औषधांचे पैसे
आजच बाजूला काढा, दरवर्षी, अब्जांनी.
पोस्टानं काढले, मग काढणं झेपेना,
मग न भरलेल्या हप्त्यांचा ढीग झाला,
सरकारी तिजोरीची उचल वेगळीच.
पेपरात रोज छापून यायचं, पोस्ट बुडालं.
मी आरशात बघायची.
माझे गुडघे, माझी साखर, माझं अजून न आलेलं आजारपण
देशाला एवढं महाग पडलं?

त्याच वर्षांत माझे चार तास गेले.

आणि मग एका एप्रिलमध्ये
एका सहीनं ते सगळे हप्ते पुसले.
खोडरबरानं पुसतात तसे.
मागे भुसासुद्धा राहिला नाही.
मी दोन दिवस वाट पाहिली.
तास परत आले नाहीत.

आमची खरी उधारी बिस्किटांच्या डब्यात आहे.
कुणाला तिकीट कमी पडलं की मी पदरचे भरते
आणि कागदावर मांडते. डावीकडे जमा,
उजवीकडे नावे.
जमेकडे फारसं काही नाही:
एक बरणी बीट, एकदा अर्धं हरीण.
नावेकडे मात्र नावंच नावं.
डेल फिशर, बावीस सेंट.
पाद्रीबाई, साठ. (त्या विसरतात.)
ब्यूला राइंके, तीस.

ब्यूला नोव्हेंबरमध्ये गेली.
तिच्या पेटीत बियाण्यांचा कॅटलॉग अजून येतो,
मुखपृष्ठावर या वर्षीचे टोमॅटो.
मृत, परत पाठवा, असा शिक्का माझ्याकडे आहे.
शाईही आहे.
तीस सेंट फिटेपर्यंत
खातं बंद कसं करू?

तरुणानं टॅब्लेट मिटला,
म्हणाला, अहवाल जूनमध्ये येईल.
जाता जाता थबकला. मागच्या खोलीत
कसला आवाज येतोय?

शंभर पिल्लं आहेत, मी म्हटलं, कोंबडीची.
पहाटे आली, टपालानं. एक दिवसाची.
फिशरबाई न्यायला येतील.

बाराला पाच कमी होते.
त्यानं खोक्याच्या भोकातून एक बोट आत घातलं
आणि तसाच उभा राहिला.
मी दाराची पाटी उलटी केली नाही.