रिकामी केबल

रात्री दोन वाजून बावीस मिनिटांनी
समुद्रातला वारा बडोद्याला जोडला.
कुठे काही झालं नाही.
मांडवीखालून एखादी रिक्षा गेली असेल,
रावपुऱ्यात कुणाच्या फ्रिजने
झोपेतल्या झोपेत हुंकार दिला असेल.
इकडे गोत्रीच्या नियंत्रण कक्षात
पडद्यावरचा एक चौकोन हिरव्याचा लाल झाला,
आणि किनाऱ्यावरून टंडेल म्हणाला,
"केतकीबेन, ब्रेकर बंद."
आमच्याकडे बंद म्हणजे सुरू, लाल म्हणजे ठीक.
नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

दिवसाचे शहाण्णव तुकडे असतात आमच्या,
प्रत्येक पंधरा मिनिटांचा.
कुठल्या तुकड्यात किती वारा येणार
ते आदल्या दिवशी लिहून द्यायचं.
आम्ही सही करतो, पवनचक्कीवाले सही करतात.
वारा करत नाही.

तीनला तो पडला.
टंडेल म्हणाला, "मला वाटलंच होतं,
भरतीच्या आधी असा दम खातो."
त्याचा बाप याच आखातात जाळी टाकायचा.
मग आधी का नाही बोललास?
"मशीन वेगळं सांगत होतं."

आणि चाळीस किलोमीटर केबल
गाळाखाली रिकामी पडली.

पूर्वी मला वाटायचं, रिकामी केबल म्हणजे रिकामी नळी.
तसं नसतं.
ओझं असतं तोवर ती शहाण्यासारखी वागते.
ओझं उतरलं की स्वतःच्याच लांबीने फुगते,
कुणी न मागितलेलं काहीतरी
किनाऱ्याकडे ढकलत राहते,
आणि निजलेल्या गावात, जिथे कुणालाच काही नको,
तिथे दाब चढत जातो.
दोनशे अठ्ठावीस.
दोनशे तेहतीस.
दोनशे सदतीस.

बाबांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यात
एकतीस वर्षं गुंडाळी केली.
तांब्याची पट्टी, कागद, परत पट्टी.
मार्चमध्ये निवृत्त झाले.
तेव्हापासून रात्री तीनला उठून
डब्यातले स्क्रू मापाने लावतात,
मग ते मोडून लांबीने.
शेजारच्या त्रिवेदींच्या बेलमध्ये काय बिघाड आहे
ते त्यांना सांगून येतात,
त्यांनी विचारलेलं नसताना.

मी घरी फोन लावला.
पडद्यावर सगळे आकडे होते, तरी लावला.
"बाबा, ट्यूब बघा जरा."
एका घंटीत उचललेला फोन, आणि लगेच उत्तर,
"उजळलीय. डीपीची गुणगुणही जाड झालीय.
काय चाललंय तुमचं तिकडे?"

टंडेलला सांगितलं, दुसरा रिअ‍ॅक्टर घे.
रिअ‍ॅक्टर म्हणजे तेलात बुडवलेली मोठी गुंडाळी.
दिवा लावत नाही, पंखा फिरवत नाही,
जास्तीचं तेवढं पिऊन टाकते.
दोनशे बत्तीस.
दोनशे पंचवीस.
"आता?"
"आता बराबर."

मग फोन ठेवायच्या बेतात असताना,
"रिअ‍ॅक्टर कुणाच्या बनावटीचा?"

टंडेलने पाटीचा फोटो पाठवला.
वर मिठाचा थर, त्यातून अंगठ्याने पुसलेली एक पट्टी,
त्या पट्टीत कारखाना, वर्ष, क्रमांक.
मी वाचून दाखवलं.
पलीकडे स्क्रूंचा डबा कुठेतरी ठेवल्याचा आवाज.

"त्या पोराला म्हण, फोन टाकीजवळ धर.
हात लावू नको म्हणावं, कुंपणाबाहेरूनच."

एका हातात टंडेलचा फोन, एका हातात बाबांचा,
दोन्ही तोंडाला तोंड लावून धरले मी टेबलावर.
शिफ्टमधले खत्रीभाई बघत राहिले,
त्यांनी चहा माझ्यापासून लांब सरकवला.
समुद्राकाठची ती घोगरी, एकसुरी घरघर
नियंत्रण कक्षातून वारसियाच्या खोलीत गेली.
किती वेळ कोण जाणे. एक तुकडा तरी गेला असेल.

पाण्याच्या टाकीवरचे पंप सुरू झाले.
कुणीतरी पहिली भट्टी पेटवली, कुणी गिरणी.
शहराला आता हवं होतं.

"मधली गुंडाळी जराशी बोलते," बाबा म्हणाले.
"तेव्हाही बोलायची. चालेल.
तेलाची पातळी तेवढी बघून घे म्हणावं त्याला,
उजाडल्यावर."