सहा चौकोन

मयंक नाशिकला नोकरीला गेला आणि जाताना
लॅपटॉप काट्याच्या केबिनमध्ये ठेवून गेला.
काका, रात्रभर जागेच असता ना तुम्ही,
एक गेम टाकून दिलाय. हाणामारीचा आहे,
पण नुसता हाणामारीचा नाही.
म्हणजे कसा, ते त्याला सांगता आलं नाही.

सावद्याला मे महिन्यात रात्री अकरालाही
काट्याचं लोखंड चटके देतं.
केळीच्या गाड्या दोनच्या पुढे.
तोवर मी, कूलर, आणि हे.

सुरुवातीलाच विचारलं, तू कोण?
तलवारवाला, धनुष्यवाला, मंत्रवाला, की उघडाबंब?
उघडाबंब घेतला. त्यात हिशेब कमी.
मग अर्धा तास मी त्याचं नाक करत बसलो,
लांब, बसकं, पुन्हा लांब.
माझ्या लग्नातही नाकाचा इतका विचार
कोणी केला नव्हता.

नाव लिहिलं: सुकलाल.
पडद्यावर उमटले सहा चौकोन.
अक्षरं चार, चौकोन सहा.
उकाराला वेगळी खोली, कान्याला वेगळी,
आणि सुकलाल बाहेर उभा.
असू दे.

वेशीत एक म्हातारा, हातात दिवा.
इंग्रजीत काही बोलला. बटण दाबलं, तेच बोलला.
तिसऱ्यांदाही तेच.
आवडला मला. आमच्या पतपेढीचा शिपाई असाच आहे.

मग मेलो.
राक्षसाने नाही, कुत्र्याने.
तोंडाने हाड म्हणालोसुद्धा,
केबिनमध्ये, एकटा, मोठ्याने.

दिव्यापाशी पुन्हा उठलो.
रडारड नाही, दहावा नाही, कावळ्याची वाट बघणं नाही.
मात्र कमावलेलं सगळं मेलो तिथेच सांडलेलं,
हिरवट धूर होऊन माझी वाट बघत.
जाऊन उचल, म्हणे. वाटेत पुन्हा मेलास तर गेलं.

अकरा वेळा मेलो.
बाराव्याला दिसलं,
झेप घेण्याआधी ते डावा खांदा खाली टाकतं.
काट्यावर गाडी चढवताना ड्रायव्हर लबाडी करणार असेल
तर आधी एकदा आरशात बघतो.
तेवढंच बघायचं असतं.
बावीस वर्षं मी तेवढंच बघत आलोय.

पुढे ढाल सापडली, दोन कोयते, कुणाचं तरी चिलखत.
गडी पाय ओढत चालू लागला.
वजन जास्त झालं, असं एक छोटं चित्र सांगू लागलं.
हे मला सांगतोस?
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, उरेल तो माल.
सगळं उतरवलं. पळाला लेकाचा.

आणि पुलापलीकडे डोंगर आला.
मला वाटलं, नाटकात मागे रंगवलेला पडदा असतो तसा.
चालत राहिलो.
तो मोठा होत गेला. झाडं वेगळी झाली.
पायाखाली चढ लागला.

केबिनच्या उत्तरेच्या खिडकीत सातपुडा आहे.
रोज असतो. पालपर्यंत एकदा गेलो होतो,
साडूच्या जीपमधून, त्यालाही चौदा वर्षं झाली.
त्यापुढे काय आहे हे मी कोणाला विचारलेलं नाही.

माथ्यापासून दहा पावलांवर असेन,
बाहेर हॉर्न. पारोळ्याचा जगन, दिल्लीचा माल.
खिडकीत डोकं घालून म्हणतो,
काय करी राहिना काका?
मरी राहिनू, म्हटलं.
तो हसला. मीही हसलो, पण हात बटणावरून निघेना.

हा गेम थांबवता येत नाही. बटणच नाही तसं.
सहा चौकोन तसेच उभे सोडून बाहेर गेलो.
सव्वीस टन चारशे. पावती फाडली,
शिक्का मारला, जगनला तंबाखू दिली.

परत आलो तर अजून तिथेच उभा,
उघडाबंब, लांब नाकाचा,
छाती खालीवर होत होती.
त्याच्याकडे उजाडायला लागलं होतं.
माझ्याकडे अजून साडेतीन तास होते
आणि खिडकीत नुसता काळोख,
ज्यात डोंगर असतो.